हार चढण्यापूर्वीचा फोटो

आपल्या समाजातील कोणत्याही घरात जा, समोरच्या भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर असतेच. तिच्या खाली किंवा बाजूच्या भिंतीवर घरातील गेलेल्या माणसांचे फोटो असतात, हार घातलेले. त्या फोटोंकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील फारच थोडे फोटो त्या माणसाने स्वतः हौसेने काढून घेतलेले असतात. कुणाचा फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो, कुणाचा आधार कार्डावरून, तर कुणाचा एखाद्या लग्नातील घोळक्यातून कापून काढलेला. अशा कापलेल्या फोटोत कधीकधी शेजारच्या माणसाचा खांदाही तसाच राहिलेला दिसतो.

कष्टकरी माणसाचा फोटो निघतो तो बहुधा कुठल्या तरी कार्यालयाने मागितला म्हणून. १९९३ साली टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त असताना मतदारांना फोटोची ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. आमची आजी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली ती त्या ओळखपत्रासाठी, शाळेच्या वर्गात, पाटीवर नंबर धरून. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचा आणखी एक फोटो निघाला. हे फोटो हवेच होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ते कागदासाठी काढलेले फोटो आहेत. माणसासाठी काढलेला फोटो किती घरांत सापडेल? ह्याच प्रश्नापायी आम्ही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतला. त्याची ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो, एका पतपेढीत चिकटलो आणि आजतागायत तिथेच आहोत. कल्याण पूर्वेहून दादरपर्यंत रोजचा लोकलचा प्रवास. रविवारी विहाराचे काम. वसाहतीतील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, विधवा भगिनींचे निराधार योजनेचे कागद भरून देणे हे आमचे वीस वर्षांचे समाजकार्य. त्यामुळे पासपोर्ट आकाराचे फोटो आमच्या हातून शेकड्याने गेलेले आहेत. डिंक लावायचा, चौकटीत चिकटवायचा, निम्मी सही फोटोवर आणि निम्मी कागदावर घ्यायची. फोटो म्हणजे अर्जाचा एक रकाना, एवढीच आमचीही समजूत होती.

एप्रिल-मे २०२१ चे दिवस वाचक विसरले नसतील. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या वसाहतीतील सात माणसे गेली. त्यांतील एक गृहस्थ माथाडी कामगार होते. वाशीच्या बाजारात त्यांनी तीस वर्षे गोणी वाहिल्या. त्यांची मुलगी फोन घेऊन आमच्याकडे आली.

“भाऊ, पुण्यानुमोदनाला फोटो लावायचाय. ह्यातून बाबांना काढता येईल का?”

फोनमध्ये कुणाच्या तरी हळदीचा फोटो होता. मागच्या रांगेत बाबा. निम्मा चेहरा पुढच्या माणसाच्या टोपीआड, डोळे मिटत आलेले. आम्ही तिला घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदाराने संगणकावर चेहरा कापून घेतला, झाकलेला गाल दुसऱ्या गालावरून भरून काढला, मागे निळा रंग टाकला आणि अंगात काळा कोट व टाय चढवला. त्याच्या परीने त्याने चांगलेच काम केले. मुलगी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “चेहरा त्यांचाच आहे भाऊ. पण हे आमचे बाबा नाहीत. बाबांनी कोट कधी घातला नव्हता.”

फोटोला हार घातला गेला, गाथा झाल्या, लोक घरी गेले. तिचे ते बोलणे मात्र आमच्या मनातून गेले नाही. तीस वर्षे ज्या खांद्याने गोणी उचलली, तो खांदा फोटोत नव्हता. त्याच्या जागी दुकानातला कोट होता. माणूस हयात असताना त्याच्याकडे कुणी पाच मिनिटे कॅमेरा धरला असता, तर हे झाले नसते. आणि हे काम शिकायला कुणाची परवानगी लागत नाही, असे आम्हांला वाटले.

घरी विषय काढला तेव्हा आमच्या सहचारिणींनी सरळ विचारले, “अहो, ह्या वयात? आणि पोरीची दहावी आहे पुढे. पैसे कुठून आणणार?” प्रश्न रास्त होता. आम्ही वही काढली. वापरलेला कॅनन १५००डी कॅमेरा त्याच्या साध्या लेन्ससह २१,००० रुपये, पन्नास मिलीमीटरची एक लेन्स ८,५००, फ्लॅश ५,५००, आणि दोन कार्डे, जादा बॅटरी व पिशवी मिळून ३,०००. एकूण ३८,०००. त्यांतील १३,००० दिवाळीच्या बोनसमधून आणि २५,००० कर्ज. कर्जाचा हप्ता कार्यक्रमांच्या कमाईतूनच भरायचा, पगाराला हात लावायचा नाही, अशी अट त्यांनी घातली आणि आम्ही ती मान्य केली. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेरा घरात आला. सतरा महिन्यांत कर्ज फिटले, आणि अट मोडली नाही.

वयाचे म्हणाल, तर त्याचे एक उत्तर आम्हांला वाचनात सापडले. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाच्या बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मल्या. त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो १८६३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने आणि जावयाने भेट म्हणून दिला तेव्हा. पुढे त्यांनी इंग्लंडातील मोठमोठ्या विद्वानांचे फोटो काढले, तसेच आपल्या घरी कामाला असलेल्या मुलींनाही समोर बसवून काढले. आज छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव वरच्या रांगेत आहे. त्या श्रीमंत घरच्या होत्या, आम्ही कारकून. बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जे शिकता आले, ते बेचाळिसाव्या वर्षी का येऊ नये?

आमचे शिक्षण झाले ते वसाहतीतील एका वृद्ध काकांकडे. त्यांनी उमेदीत रोलच्या कॅमेऱ्यावर लग्ने काढली होती. त्यांचा पहिला धडा असा: “छत्तीस फोटोंचा एक रोल असायचा. दोन रोलात अख्खं लग्न बसवायचं. तुमच्या कार्डात हजार मावतात म्हणून हजार मारू नका. आधी बघा, मग दाबा.” दुसरा धडा: “कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी माणसाशी दोन शब्द बोला. घाबरलेल्या माणसाचा फोटो कुणालाच आवडत नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.”

बाकीची तांत्रिक बाजू आम्हांला अवघड जाईल अशी भीती होती. पण वाणिज्य शाखेचा अभ्यास इथे कामाला आला. कॅमेऱ्यात तीन गोष्टी असतात. लेन्सचे छिद्र किती उघडे आहे, शटर किती वेळ उघडे आहे, आणि आयएसओ म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा आहे. ह्या तिघांचा ताळेबंद जुळला की फोटो जुळला. एका बाजूला घेतले की दुसऱ्या बाजूला सोडावे लागते. छिद्र मोठे केले तर उजेड भरपूर मिळतो, पण मागे उभा असलेला मामा धूसर होतो. शटर सावकाश केले तर उजेड मिळतो, पण धावणारे पोर फरफटते. आयएसओ चढवला तर अंधारातही दिसते, पण फोटोवर वाळूचे कण उडाल्यासारखे दिसतात. जमा आणि नावे एवढेच हे गणित आहे. लोकलमध्ये उभ्या उभ्या आम्ही ते तोंडपाठ केले.

काही गोष्टी मात्र वहीत सापडत नाहीत. आपले कार्यक्रम होतात ते विहारात, समाजमंदिरात, गल्लीत घातलेल्या मांडवात. तिथे ट्यूबलाइटचा उजेड. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची असल्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते समजत नाही, कॅमेऱ्याला समजते. शटर फार वेगात ठेवले तर एका फोटोत चेहरा उजळ आणि पुढच्याच फोटोत काळवंडलेला येतो. म्हणून अशा उजेडात शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावे. फ्लॅश थेट तोंडावर मारू नये, पांढऱ्या छताकडे वळवावा, म्हणजे उजेड वरून पसरून मऊ पडतो. पण मांडवाचे कापड निळे असेल तर छताकडे मारलेला फ्लॅश सगळ्यांचे चेहरे निळे करतो. तिथे फ्लॅशला पांढरा पुठ्ठा बांधावा. हे सारे काकांनी आम्हांला प्रत्यक्ष उभे करून दाखवले.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

आपल्या पद्धतीच्या मंगल परिणयात वधू पांढऱ्या साडीत, वरही पांढऱ्या कपड्यांत. मागे पांढरा पडदा, समोर मेणबत्त्या. चेहरे मात्र आपल्या उन्हातान्हातल्या माणसांचे, सावळे आणि काळे. कॅमेऱ्याचे उजेड मोजण्याचे यंत्र अशा वेळी घोटाळ्यात पडते. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून ते उजेड मोजते. समोर इतके पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि ते फोटो अंधारा करून टाकते. साडी करडी होते आणि चेहरा काळाठिक्कर, डोळे-नाक कळेनासे. मग अनेक दुकानांत काय करतात? तो अंधारा चेहरा संगणकावर उजळवतात, आणि उजळवता उजळवता गोरा करून टाकतात.

आमच्या परिचयातील एका मुलीच्या लग्नाचा अल्बम असाच आला होता. पोरगी नर्स आहे, चांगली काळीसावळी, तरतरीत. अल्बममध्ये पिठासारखा पांढरा चेहरा आणि खाली मनगटे मात्र तिच्याच रंगाची. दुकानदाराचे म्हणणे, “गोरं करून दिलं नाही तर गिऱ्हाईक पैसे कापतं.” त्याचेही खोटे नसावे. पण मुलीच्या आईने अल्बम मिटला आणि म्हणाली, “मी नऊ महिने जिला वाढवली ती ही न्हवं.” तो अल्बम त्या घरात कपाटाच्या वर आहे. पाहुणे आले तरी काढत नाहीत.

ह्यावर उपाय आहे, आणि तो अगदी साधा आहे. उजेड साडीवरून मोजायचा नाही, चेहऱ्यावरून मोजायचा. कॅमेऱ्यात एका ठिपक्यापुरता उजेड मोजण्याची सोय असते, ती वधूच्या गालावर धरायची. किंवा यंत्राने सांगितल्यापेक्षा उजेड एक पायरी वाढवून घ्यायचा. वधू-वरांना पडद्यापासून दोन पावले पुढे आणि खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला वळवून उभे करायचे. एवढे केले की सावळा रंग सावळाच येतो. त्यावर उजेडाची एक तकाकी येते, डोळे बोलू लागतात, आणि संगणकाला करायला काही उरत नाही. माणूस काळा आहे म्हणून फोटो वाईट येत नाही. उजेड कुणाकडे पाहून मोजला, त्यावर फोटो ठरतो.

ह्या गोष्टीला जगाचा इतिहास आहे. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून एक कार्ड पाठवत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. शर्ली हे त्या बाईचे नाव, म्हणून कार्डालाही ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा रंग बरोबर आला की साऱ्यांचा बरोबर, असा हिशेब. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर नीट उतरत नसत. कॅनडातील संशोधक लोर्ना रॉथ यांनी ह्याचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून फिल्ममध्ये पुढे ज्या सुधारणा झाल्या, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असे त्यांत दिसते. लाकडाचा रंग बिघडतो म्हणून ओरड झाली, आणि त्याचा फायदा माणसाच्या चेहऱ्याला मिळाला! आजच्या फोनमध्ये फिल्म नाही, पण चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय असते. आपल्याला न विचारता ती पुष्कळदा सुरूच असते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मले, १८३८ साली निसटून स्वतंत्र झाले आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजले. त्यांचे सुमारे १६० निरनिराळे फोटो आज ज्ञात आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत इतके फोटो दुसऱ्या कुणाचे निघाले नाहीत, असे अभ्यासक सांगतात. काळ्या माणसाची व्यंगचित्रे काढून हसणाऱ्या समाजापुढे त्यांनी आपला नीटनेटका, गंभीर, सरळ पाहणारा चेहरा पुन्हा पुन्हा ठेवला. कॅमेरा हे आपले काम करू शकतो हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडेही हे उदाहरण लांब शोधायला नको. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहावर काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, थोरले बंधू आनंदराव यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत, पुतणे मुकुंदराव आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. सभा नाही, व्यासपीठ नाही. एक कुटुंब एकत्र बसले आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. तो फोटो त्या दिवशी निघाला म्हणून रमाई आपल्या माणसांत बसलेल्या आपल्याला दिसतात. तसेच नामदेव व्हटकर यांचे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा व्हटकरांनी पदराला खार लावून तिचे चित्रीकरण केले. त्या गर्दीचे रूप आज आपल्या नातवंडांना पाहायला मिळते ते त्यांच्यामुळे. आणि सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचे काम ह्यांच्या पासंगालाही पुरणारे नाही. पण रस्ता तोच आहे.

पहिल्या वर्षी आम्ही नामकरण, वाढदिवस, गृहप्रवेश असे लहान कार्यक्रम घेतले. दुसऱ्या वर्षापासून लग्ने. सहचारिणी बरोबर येऊ लागल्या, आणि अर्धे काम तर त्याच करतात. वधूकडच्या बायका आमच्यासमोर आखडून उभ्या राहतात. ह्या जाऊन “ताई, पदर असा घ्या, आणि नवऱ्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा,” म्हणतात, सगळ्या हसतात, आणि तेवढ्यात फोटो होतो. कोणत्या आत्याचा, कोणत्या मावशीचा फोटो राहिला, ह्याची यादी त्यांच्याजवळ असते. लग्नाच्या घाईत विसरली जाते ती बहुधा घरची सर्वांत म्हातारी बाई. तिचा फोटो त्या सकाळीच, गर्दी होण्यापूर्वी काढून घेतात.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. “आपलाच माणूस, पैसे कसले मागता?” असे म्हणणारे भेटतात. त्यांना आम्ही हिशेब दाखवतो. ३८,००० चे साहित्य पाच वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाचा घसारा ७,६००. वर्षाला वीस कार्यक्रम केले तर एका कार्यक्रमामागे ३८० रुपये कॅमेराच खातो. त्यावर प्रवास, छपाई, आणि रात्री बसून फोटो निवडण्याचे श्रम. श्रमाला मोल असते हे ज्या समाजाने सर्वांत महागात शिकले, त्याने आपल्याच माणसाचे श्रम फुकट मागू नयेत. आमचे दर एका कागदावर लिहून ठेवलेले आहेत, लहान-मोठ्या घराला एकच. लग्नाला ६,०००, नामकरणाला १,५००. निम्मे आगाऊ, निम्मे फोटो हातात पडल्यावर. पंधरा दिवसांत फोटो पोहोचते करायचे. दोन ठिकाणी जपून ठेवायचे. बायका-मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे नियम लग्नघरी आधीच वाचून दाखवतो, म्हणजे पुढे वाद होत नाही.

एका कामाचे मात्र पैसे घेत नाही. साठीच्या वरच्या माणसाचा एक फोटो, त्याला हवा तसा, छापून हातात द्यायचा. महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठेवला आहे. विहाराच्या दाराशी उत्तरेचा मऊ उजेड येतो, तिथे एक खुर्ची मांडतो. सुरुवातीला कुणी येईना. लोकांच्या मनात भीती. महापालिकेत झाडू खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका आजींनी तर सरळ सुनावले, “मेल्यावर भिंतीला लावायला काढतोस व्हय रं फोटो?”

आम्ही म्हणालो, “नाही आजी. तुम्ही स्वतः बघायला.”

“मी काय बघायचं माझं तोंड?” म्हणत त्या निघून गेल्या. तासाभराने परत आल्या. साडी बदललेली, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. खुर्ची दाखवली तर बसल्या नाहीत.

“उभी काढ मला. आन् पायासकट काढ. आत्तापतूर ज्यानं त्यानं गळ्यापतूरच काढली. आठ्ठावीस वर्सं रस्ता झाडला तो काय गळ्यानं?”

आम्ही चार पावले मागे गेलो आणि त्यांना उभे काढले. निळी साडी, पायांत साध्या चपला, पावले जरा फाकलेली, दोन्ही हात मोकळे सोडलेले. कुठेही काही झाकले नाही, काही उजळवले नाही. छापलेला फोटो घेऊन आम्ही घरी गेलो, तेव्हा मुलगा तो इतर फोटोंच्या ओळीत उंच लावायला निघाला. आजी म्हणाल्या, “तिथं नगं. खाली लाव, मला दिसंल असा.” त्यांच्या खाटेसमोर, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर तो फोटो लागला. दुसऱ्या महिन्यात विहाराच्या दाराशी अकरा जण रांगेत होते. कुणी नातवाला मांडीवर घेऊन, कुणी गिरणीचा जुना बिल्ला लावून, एक जोडपे लग्नानंतर प्रथमच एका फोटोत.

वाचकांपैकी प्रत्येकाने कॅमेरा घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. घरात फोन आहे, तो पुरतो. काही साध्या गोष्टी पाळाव्यात. फोनची काच सुती कापडाने पुसावी. चेहरा गोरा करणारी सोय बंद करावी. माणसाला खिडकीपाशी, तोंडावर बाजूने उजेड येईल असे बसवावे. डोक्यावरचा दिवा आणि दुपारचे ऊन टाळावे. फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. वरून धरला की माणूस लहान दिसतो. एक फोटो चेहऱ्याचा काढावा, एक हातापायांसह, आणि एक त्याच्या कामासह, मग ते शिलाईचे मशीन असो, भाजीची पाटी असो की रिक्षा.

फोटो फोनमध्ये ठेवून थांबू नये. फोन पडतो, हरवतो, विकला जातो. चार बाय सहाची प्रत दहा-पंधरा रुपयांत निघते. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि कुणी काढला ते लिहावे. पन्नास वर्षांनी ते नाव सांगणारे घरात कुणी नसेल. फ्रेम करताना फोटो काचेला चिकटून बसवू नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावे. नाही तर पावसाळ्याच्या दमटाने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. जुन्या ट्रंकेत एखादा काळा-पांढरा फोटो असेल, तर तो खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून, फ्लॅश न मारता, वरून सरळ फोनने टिपून घ्यावा आणि दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवावा. आणि घरातील सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवून त्यातील एकेक नाव विचारून घ्यावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

“साहेबांनी समाजकार्य सोडून फोटोग्राफी धरली,” अशी चेष्टा आमच्या कानी आली आहे. अर्ज भरण्याचे काम आम्ही सोडलेले नाही. पण अर्जाच्या चौकटीत चिकटवलेला फोटो माणूस अमुक योजनेला पात्र आहे एवढेच सांगतो. तो माणूस कसा उभा राहत असे, हसताना कोणता दात दिसत असे, त्याचे हात केवढे होते, हे सांगणारा फोटो कुठल्याही योजनेत बसत नाही. तो आपणच आपल्या माणसांचा काढायचा असतो.

ज्येष्ठांच्या फोटोंची आमची एक वही आहे. नाव, वय, काम, तारीख, आणि फोटो हाती दिल्याची सही किंवा अंगठा. आज तीत एकशे चौदा नावे आहेत. त्यांतील नऊ जण आता नाहीत. त्या नऊ घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुणालाही फोटोसाठी धावपळ करावी लागली नाही. फोटो घरात होता. गेलेल्या माणसाने तो पाहिलेला होता, पसंत केलेला होता, आणि तो त्याच्याच कपड्यांत, त्याच्याच रंगाचा होता.

जयभीम.